जॅक जॉन्सन लढायचा नाही, नुसता मिठ्या मारायचा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "जॅक जॉन्सनच्या जुन्या फिल्म पाहिल्या. अर्धा वेळ तो समोरच्याला धरूनच ठेवतो, हसतो, रिंगबाहेरच्या लोकांशी गप्पा मारतो. बॉक्सर म्हणून तो खरंच एवढा मोठा होता, की वर्णद्वेषाच्या कहाणीमुळे आपण त्याला मोठं करून ठेवलंय? आणि हवानाला तो मुद्दाम हरला होता का?"

जॉन्सन म्हणजे हेवीवेटचा, बॉक्सिंगमधल्या सर्वांत जड गटाचा, पहिला काळा जागतिक विजेता. मी पस्तीसेक वर्षं पोरांना बॉक्सिंग शिकवतोय. हा प्रश्न माझ्या हॉलमध्ये दरवर्षी कुणीतरी विचारतंच, कारण मी पोरांना रेनोची फिल्म, म्हणजे 1910 मधल्या जॉन्सन-जेफ्रीज लढतीची, दाखवतो आणि पहिल्या दोन मिनिटांत मागून आवाज येतो, "सर, हा तर मारतच नाही." त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी फिल्मबद्दल दोन गोष्टी. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे. आज ती फिल्म चुकीच्या वेगाने लावली की माणसं कोंबड्यांसारखी तुरूतुरू चालतात आणि ठोसा दिसतच नाही. योग्य वेगाची प्रत शोधा. दुसरं म्हणजे तेव्हाच्या लढती आजच्यासारख्या बारा राऊंडच्या नव्हत्या. रेनोची लढत 45 राऊंडची ठरली होती. म्हणजे मधली विश्रांती धरली तर जवळपास तीन तास, उघड्या मैदानात, जुलैच्या उन्हात. ग्लोव्ह आजच्या साधारण निम्म्या वजनाचे, तोंडात गार्ड नाही, आणि समोरचा पडला तर त्याच्या उशाशी उभं राहायची मुभा, म्हणजे तो उठताक्षणी परत हाणता यावं म्हणून. अशा लढतीत पहिल्या राऊंडपासून बॅगवर तुटून पडावं तसं जो मारत सुटेल, तो दहाव्या राऊंडला हात वर धरू शकणार नाही.

आता त्या मिठीकडे या. ती मिठी नाहीच. जॉन्सनचे तळहात कुठे टेकतात ते बघा. समोरच्याच्या पाठीवर नाही, दंडावर. कोपराच्या थोडं वर, बायसेपवर, आतल्या बाजूने. समोरच्याने हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, मारायला खांदा हलवला की दंडावरचा हात ते आधीच ओळखतो, कारण ठोसा मुठीत जन्मत नाही, खांद्यात जन्मतो. तिथेच दाबला की ठोसा मेला. हे पोरांना तोंडाने सांगून पटत नाही. म्हणून मी दोघांना समोरासमोर उभं करतो, एकाला सांगतो की तू फक्त दंडावर हात ठेव, दुसऱ्याला सांगतो की हवं तसं मार. पंधरा सेकंदांत मारणारा वैतागतो. मागे एक तालमीतून आलेला मुलगा होता, त्याला हे एका दिवसात जमलं. पैलवानाला हात कसा बांधायचा ते शिकवावं लागत नाही. शहरातल्या पोरांना महिना लागतो.

तिथून पुढची पायरी म्हणजे खरा जॉन्सन. दंड धरलेला असताना तो किंचित मागे झुकतो. समोरच्याला वाटतं सुटलो, तो पुढे येतो, आणि त्या अर्ध्या फुटात उजवा अपरकट खालून वर येतो. 26 डिसेंबर 1908 ला सिडनीत तेव्हाच्या गोऱ्या विजेत्या टॉमी बर्न्सविरुद्ध पहिल्याच राऊंडच्या पहिल्या काही क्षणांत त्याने हेच केलं. बर्न्स खाली. मग तेरा राऊंड तो त्याच्याशी गप्पा मारत, पोटाकडे बोट दाखवून "इथे मार" म्हणत खेळला. चौदाव्यात पोलिसांनी लढत थांबवली आणि त्याआधी कॅमेरे बंद करवले. काळ्या माणसाने गोऱ्या विजेत्याला झोपवलेलं चित्र जगभर फिरू नये म्हणून. त्यामुळे त्या फिल्मला शेवटच नाही.

पण हा खेळ तो शिकला कुठे, हे पाहिल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. तुम्ही विचारताय, तो बॉक्सर म्हणून मोठा की वर्णद्वेषाच्या कहाणीमुळे मोठा. माझ्या मते हे दोन वेगळे जॉन्सन नाहीतच. वर्णद्वेषाने त्याला काय काय करू दिलं नाही, त्यातूनच त्याची शैली घडली.

जन्म 1878 चा, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातला. आईवडील दोघंही गुलामीत जन्मलेले. पोरगा गोदीत कामाला लागला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत 'बॅटल रॉयल' नावाचा तमाशा चालायचा: आठ-दहा काळी पोरं एकदम रिंगमध्ये सोडायची, कधी डोळ्यांवर पट्ट्या बांधून, आणि शेवटी उभा राहील त्याला खाली फेकलेली चिल्लर. गोऱ्या बघ्यांची करमणूक. जॉन्सनही त्यातून गेला. आता विचार करा, दहा जणांच्या गर्दीत टिकायचं तर आधी काय शिकावं लागतं? मारणं नव्हे. मार चुकवणं, कुणाच्या तरी अंगाला चिकटून राहणं, बाकीच्यांना एकमेकांत दमू देणं.

फेब्रुवारी 1901 मध्ये गॅल्व्हेस्टनमध्येच त्याची गाठ ज्यो चॉयन्स्कीशी पडली. सॅन फ्रान्सिस्कोचा मुरलेला ज्यू बॉक्सर, वजनाने जॉन्सनपेक्षा हलका, पण डावा हात जबर. तिसऱ्या राऊंडला जॉन्सन आडवा. टेक्सासमध्ये इनामी लढतींना बंदी होती, म्हणून रेंजर्स, म्हणजे राज्याचे पोलीस, रिंगमध्ये चढले आणि दोघांनाही तुरुंगात टाकलं. तीन आठवड्यांहून जास्त ते एकाच तुरुंगात होते. तिथे त्यांना ग्लोव्ह मिळाले आणि दोघं रोज स्पॅरिंग करत राहिले, बघायला अधिकारी आणि गावातली माणसं. ज्याने आपल्याला झोपवलं त्याच्याकडूनच महिनाभर शिकवणी, तीही सरकारी खर्चाने! इतक्या चपळ माणसाने मार खाताच कामा नये, असं चॉयन्स्की त्याला म्हणाल्याचं सांगतात. माझ्या लेखी जॉन्सनचं खरं शिक्षण त्या कोठडीत झालं.

पुढची सात वर्षं दारं ठोठावण्यात गेली. 1903 मध्ये डेन्व्हर एड मार्टिनला हरवून तो 'कलर्ड' हेवीवेट चॅम्पियन झाला. हो, वेगळं विजेतेपद होतं. काळ्यांचं वेगळं पाणी असावं तसं काळ्यांचं वेगळं अजिंक्यपद. खऱ्या पट्ट्याभोवती, म्हणजे जागतिक विजेतेपदाभोवती, रेघ मारलेली. ती रेघ तेव्हाच्या गोऱ्या विजेत्या जॉन एल. सलिव्हनने ओढली. 1892 मध्ये त्याने उघड जाहीर केलं होतं की आव्हान कुणाचंही घेईन, पण काळ्याचं नाही. त्यामुळे पीटर जॅक्सनसारखा काळा बॉक्सर कुजला. हा जॅक्सन 1891 मध्ये गोऱ्या जिम कॉर्बेटशी 61 राऊंड लढला होता आणि निकाल न देताच ती लढत थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी त्या कॉर्बेटला सलिव्हनशी लढायला मिळालं, तो जिंकला, विजेता झाला. जॅक्सनला कधीच मिळालं नाही.

इथे तुमच्या 'नुसता धरून ठेवतो' या तक्रारीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. कॉर्बेटही मार चुकवून, पाय वापरून, थांबून थांबून लढायचा. त्याला वर्तमानपत्रांनी काय म्हटलं? शास्त्रशुद्ध बॉक्सिंगचा जनक, जंटलमन जिम. तेच जॉन्सनने केलं तर आळशी, भित्रा, आतून कच्चा. पोटात मारलं की काळा माणूस मोडतो असा तेव्हा सरसकट समज होता. जॉन्सनने पोटाकडे बोट दाखवून "मार" म्हणणं हा निव्वळ माज नव्हता. तो त्या समजाला भर रिंगमध्ये काढलेला चिमटा होता.

आणि हळू लढण्यात हिशेब होता. 1905 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गोऱ्या मार्विन हार्टविरुद्ध तो वीस राऊंड लढला. हार्टच्या तोंडाचा चेंदामेंदा. तेव्हा तीन किंवा पाच जज नसायचे, एकटा रेफरी निकाल द्यायचा. रेफरीने पुढे चालून येणारा म्हणून हार्टचा हात वर केला. पॉइंटवर मिळणारा न्याय आपल्यासाठी नाही, हे काळ्या बॉक्सरला असं शिकवलं जायचं. बरं, मग सरळ नॉकआऊट का करू नये? कारण गोऱ्याला पटकन झोपवलं तर पुढचा गोरा लढायलाच येत नाही आणि पोटाला पैसे मिळत नाहीत. जास्त मारलं तर काम नाही, कमी मारलं तर निकाल नाही. या दोन भिंतींमधल्या बोळात जो माणूस दहा वर्षं चालला, त्याची चाल तुम्हाला फिल्ममध्ये 'संथ' दिसते.

(माझ्या स्वतःच्या एका पोराबाबतीत एका स्पर्धेत असाच निकाल लागला होता. कारण रंगाचं नव्हतं, गावाचं होतं. मी त्या रात्री त्याला हार्टची गोष्ट सांगितली. त्याला काडीचाही दिलासा मिळाला नाही. बरोबरच आहे.)

बर्न्सला गाठायला जॉन्सन इंग्लंडला गेला, तिथून त्याच्या मागोमाग ऑस्ट्रेलियाला. शेवटी ह्यू मॅकिन्टॉश नावाच्या प्रवर्तकाने बर्न्सला 30,000 डॉलर द्यायचं कबूल केलं, तेव्हा त्या रेघेची किंमत कळली. जॉन्सनच्या वाट्याला 5,000. रेफरीही मॅकिन्टॉश स्वतःच. जॉन्सन जिंकला तेव्हा तिशीचा होता. कादंबरीकार जॅक लंडन तिथे बातमीदार म्हणून हजर होता. त्याने लिहिलेल्या वृत्तांताचा शेवट माजी विजेत्या जिम जेफ्रीजला हाकारण्यात होता: शेत सोडून ये आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचं ते हसू पुसून टाक. त्या हाकेतूनच पुढे 'ग्रेट व्हाइट होप'चा, म्हणजे गोऱ्यांची लाज राखणाऱ्याचा शोध सुरू झाला. बघा, ठोशांपेक्षा हसण्याचाच राग जास्त होता. जॉन्सनच्या दातांना सोन्याची टोपणं होती, त्यामुळे ते हसू शेवटच्या रांगेतूनही दिसायचं.

जेफ्रीज 1905 मध्ये न हरता निवृत्त झाला होता. उमेदीच्या काळात त्याने काळ्या बॉक्सरना मारलं होतं, पण विजेता झाल्यावर रेघेच्या आत गेला तो गेलाच. त्याला परत आणला तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता, जवळपास सहा वर्षं रिंगबाहेर राहिलेला, आणि त्याला शंभरेक पौंड वजन उतरवावं लागलं. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो. माझ्याकडे कुणी बाउटसाठी दहा किलो उतरवतो म्हणाला तरी मी त्याला घरी पाठवतो. वजन उतरतं, पण त्याबरोबर पायातली उशी जाते.

4 जुलै 1910, रेनो, नेवाडा. आधी लढत सॅन फ्रान्सिस्कोत होणार होती, पण कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने ऐन वेळी नाही म्हटलं. टेक्स रिकार्ड प्रवर्तक आणि रेफरीही. बक्षीस 1,01,000 डॉलर. पैज लावणाऱ्यांचा कल जेफ्रीजकडे. त्याच्या कॉर्नरला तोच 'जंटलमन' कॉर्बेट उभा होता आणि राऊंडमागून राऊंड जॉन्सनला जातीवाचक शिव्या घालत होता, जेणेकरून त्याचं डोकं फिरावं. जॉन्सनने काय केलं? जेफ्रीजच्या दंडावर हात ठेवून, मान वळवून कॉर्बेटशी गप्पा मारल्या. एका बाजूला समोरच्याचा हात धरलेला, दुसऱ्या बाजूला बोलणं चालू. तुमच्या प्रश्नातलं 'लोकांशी बोलतो' ते हे. जो लोकांशी बोलू शकतो त्याच्या हाताला समोरच्याचं सगळं कळतंय, इतकाच त्याचा अर्थ. डोळे लागतच नाहीत.

पंधराव्या राऊंडला जेफ्रीज आयुष्यात पहिल्यांदा पडला. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्याची माणसं आत शिरली, निदान दहा मोजल्याचा शिक्का तरी लागू नये म्हणून. जेफ्रीजबद्दल एक बोलायला हवं: नंतर त्याने सबबी सांगितल्या नाहीत. ऐन भरातही मी या माणसाला हरवू शकलो नसतो, असं त्याने कबूल केल्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आहे.

त्या रात्री अमेरिकेत गावोगावी दंगली झाल्या. विजय साजरा करणाऱ्या काळ्यांवर हल्ले झाले, माणसं मेली, बहुतेक काळीच. रेनोची फिल्म शहराशहरांतून बंद पाडली गेली आणि 1912 मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदाच केला, की बॉक्सिंगची फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायची नाही. तो कायदा 1940 पर्यंत टिकला. गंमत म्हणजे 1915 मध्ये गोरा जिंकला तेव्हा त्याची फिल्मही त्याच कायद्याने अडकली. जॉन्सन पडतानाचं चित्र बघायला आसुसलेल्या लोकांना ते बघता येईना.

रिंगमध्ये त्याला हरवणं जमेना, तेव्हा कोर्ट उभं राहिलं. जॉन्सन उघडपणे गोऱ्या बायकांबरोबर राहायचा, भारी मोटारी उडवायचा, दंड झाला तर तिथल्या तिथे नोटा मोजायचा. 1912 मध्ये त्याची पहिली गोरी बायको एटा हिने स्वतःला गोळी घातली. इथे मी त्याची बाजू घेणार नाही: तिला त्याने मारहाण केली होती, आणि रिंगबाहेर हात उचलणारा बॉक्सर कितीही मोठा असला तरी माझ्या हॉलमध्ये त्याचा फोटो लागत नाही. त्याच सालच्या ऑक्टोबरमध्ये त्याला मॅन कायद्याखाली अटक झाली. हा कायदा 1910 चा. बायकांना वेश्याव्यवसायासाठी पळवून नेणाऱ्या टोळ्यांसाठी केलेला, पण त्यात 'अनैतिक हेतू' असे दोन शब्द होते, आणि ते शब्द कुठेही ताणता येत होते. ज्या ल्युसिल कॅमेरॉनवरून अटक झाली तिने साक्ष द्यायला नकार दिला आणि डिसेंबरात त्याच्याशीच लग्न केलं. मग सरकारने त्याची जुनी मैत्रीण बेल श्रायबर शोधून काढली आणि 1910 मधला पिट्सबर्ग ते शिकागो प्रवास उकरला. सगळे गोरे असलेल्या ज्यूरीने मे 1913 मध्ये दोषी ठरवलं. शिक्षा एक वर्ष आणि एक दिवस. अपिलाच्या जामिनावर असताना तो कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला आणि सात वर्षं परागंदा राहिला.

परागंदा काळातला एक भाग लोक गाळतात, मी गाळत नाही. त्या काळात जगात उत्तम हेवीवेट म्हणावेत असे तिघे तरी काळेच होते: सॅम लँगफर्ड, ज्यो जेनेट, सॅम मॅकव्हे. जॉन्सनने विजेता होण्याआधी यांच्याशी लढती केल्या होत्या. विजेता झाल्यावर? एकालाही पट्ट्यासाठी संधी नाही. गोऱ्याशी लढण्यात पैसा जास्त, आणि लँगफर्डशी लढण्यात धोका जास्त. डिसेंबर 1913 मध्ये पॅरिसला तो बॅटलिंग जिम जॉन्सनशी लढला. हेवीवेटच्या जागतिक विजेतेपदासाठी दोन काळे बॉक्सर समोरासमोर येण्याची ती पहिली वेळ. त्यात त्याचा हात मोडला आणि लढत बरोबरीत सुटली. पण जिम हा त्या तिघांच्या पंगतीतला नव्हता. म्हणजे ज्या रेघेने याची उमेदीची वर्षं खाल्ली, तीच रेघ त्याने आतून राखली. लँगफर्ड पुढे आंधळा आणि कफल्लक झाला.

आता हवाना. 5 एप्रिल 1915. समोर कॅन्ससचा जेस विलर्ड, सहा फूट सहा इंच, गुरं राखणारा गडी, बॉक्सिंगमध्ये कच्चा पण देहाने डोंगर. ठरलेले राऊंड पुन्हा 45. वीसेक राऊंड जॉन्सन पुढे होता. सव्विसाव्या राऊंडला उजव्या ठोशाने पडला. प्रसिद्ध फोटोत तो पाठीवर आहे आणि दोन्ही हात कपाळापाशी, जणू उन्हापासून डोळे झाकतोय. जॉन्सनने नंतर कबुलीजबाब लिहून पैसे घेतले: मी मुद्दाम पडलो, मायदेशी परतू देण्याच्या आश्वासनावर.

मी मानत नाही. कारणं अगदी साधी आहेत. मुद्दाम हरायचं असेल तर दहाव्या राऊंडला पडता येतं. उन्हात सव्वीस राऊंड कोण थांबेल? विलर्डनेही नंतर हेच म्हटलं: हरायचंच होतं तर आधी पडायचं ना, केवढी उष्णता होती. दुसरं, सदतिसाव्या वर्षी, नीट सराव न करता, आपल्यापेक्षा कितीतरी जड माणसाला पंचवीस राऊंड दंडावर पेलून बघा. विसाव्या राऊंडनंतर त्याचे पाय बघितले की कळतं. टाच जमिनीला चिकटली आहे. आणि तो फोटो? डोक्याला जबर मार लागून पडलेल्या माणसाचे हात बऱ्याचदा असे विचित्र वर येऊन ताठरतात, त्याच्या नकळत. मी स्वतः रिंगच्या कडेला उभं राहून हे दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा पोरगं पूर्ण बेशुद्ध होतं. एका स्थिर फोटोवरून माणूस शुद्धीत होता की नाही ते ठरवू नका. शिवाय मायदेशी माफीने परतायचं आश्वासन असतं तर ते पाळलेलं दिसलं असतं. 1920 मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर तो स्वतः हजर झाला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगून 1921 च्या जुलैत सुटला. 1922 मध्ये त्याच्या नावावर एका पान्याचं पेटंट आहे, हे मला त्याच्या चांगल्या ठोशांइतकंच आवडतं. हाताची पकड कळणारा माणूस.

जॉन्सन पडल्यावर काळ्या माणसाला हेवीवेटच्या पट्ट्यासाठी लढायला मिळायला 22 वर्षं लागली. काळा बॉक्सर हॅरी विल्स 1920 नंतर कित्येक वर्षं तेव्हाच्या विजेत्या जॅक डेम्प्सीच्या मागे होता. करार झाले, लढत झाली नाही. 22 जून 1937 ला शिकागोत ज्यो लुई हा काळा बॉक्सर पट्टा जिंकला, तो कसा? त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला नियमच घालून दिले होते: गोऱ्या बाईबरोबर फोटो नाही, पडलेल्या गोऱ्यासमोर हसायचं नाही, एकटा नाइट क्लबमध्ये जायचं नाही. थोडक्यात, जॉन्सन होऊ नकोस. लुईच्या फिल्म बघा, समोरचा पडतो आणि याचा चेहरा दगडासारखा. लोक म्हणतात तो स्वभावानेच गंभीर होता. असेलही. पण सोन्याच्या दातांचं हसू पुढच्या माणसाला किती महागात पडलं, ते त्या चेहऱ्यात दिसतं.

जॉन्सनने लुईच्या गोटात शिरायचा प्रयत्न केला, त्याला दार दाखवलं गेलं. मग तो चिडून सांगत सुटला की हा पोरगा जॅब, म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा, मारल्यावर डावा हात खाली सोडतो, कुणीतरी उजव्याने याला उलथवेल. 19 जून 1936 ला जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने बरोबर त्याच फटीतून उजवा हात घातला; चौथ्या राऊंडला लुई खाली, बाराव्याला संपला. जॉन्सनने श्मेलिंगवर पैसे लावले होते आणि जिंकल्यावर हार्लेममध्ये, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, नोटा नाचवत फिरला. आपलीच माणसं रडत असताना. माणूस म्हणून हे हलकं वागणं. पण 58 वर्षांच्या, सगळ्यांनी वाळीत टाकलेल्या त्या म्हाताऱ्याची नजर बघा. लुईने ती चूक सुधारली आणि दोन वर्षांनी श्मेलिंगला पहिल्याच राऊंडला, 124 सेकंदांत संपवलं.

जॉन्सन गेला तो 10 जून 1946 ला, नॉर्थ कॅरोलायनात मोटार अपघातात, वय 68. खानावळीत पुढच्या दाराने जेवायला दिलं नाही म्हणून संतापून भरधाव निघाला होता, असं सांगतात. 24 मे 2018 ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या 1913 च्या शिक्षेला माफी दिली.

तर मोठा होता का? होता. आजवरच्या हेवीवेटमध्ये बचावात त्याच्या तोडीचे मी फार तर दोन-तीन सांगेन. ताकदीत लुई वर, पायांत अली वर. माझं पटत नसेल तर रेनोची फिल्म योग्य वेगाने तीनदा लावा. पहिल्या खेपेला फक्त जॉन्सनचा डावा तळहात बघा, बाकी काही नाही. दुसऱ्यांदा फक्त जेफ्रीजचा उजवा खांदा, तो किती वेळा निघतो आणि किती वेळा पोचतो ते कागदावर मांडा. पाचव्या राऊंडपर्यंत मोजलंत तरी पुरे. तिसऱ्यांदा मग सगळं एकदम बघा आणि त्यानंतर मला परत विचारा, तो मारतो की नाही.